त्यांना हे माहीत होतं का?

पहिल्या वर्षाचा माझा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. सरांनी पेन्सिल वापरली होती, तीही इतक्या हलक्या हाताने की आधी मला वाटलं, यांनी वाचलाच नाही. विषय ठरीव होता: फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे. मी सहा पानं लिहिली होती, जीव ओतून लिहिली होती, आणि शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. 'अखेर १४ जुलै १७८९ रोजी जनतेच्या असंतोषाचा स्फोट झाला आणि जुन्या राजवटीचा अंत अटळ ठरला.' सरांनी त्यातल्या 'अखेर' आणि 'अटळ' या दोन शब्दांभोवती गोल काढले होते आणि समासात लिहिलं होतं, 'त्यांना हे माहीत होतं का?'

'त्यांना' म्हणजे कोणाला, हेच मला कळेना. शेवटी विचारायला गेले.

"१३ जुलैच्या रात्री पॅरिसमध्ये झोपायला गेलेल्या माणसांना," सर म्हणाले. "तू त्यांच्याबद्दलच लिहिलं आहेस ना?"

मी हो म्हटलं खरं, पण त्या सहा पानांत झोपायला गेलेलं एकही माणूस नव्हतं. असंतोष होता, विषमता होती, रिकामा खजिना होता, तत्त्वज्ञांचे विचार होते. माणसं नव्हती. आणि जी काही होती ती सगळी १४ जुलैची वाट बघत उभी होती, नाटकातली पात्रं विंगेत उभी असतात तशी.

सरांनी मला तो आठवडा पुन्हा वाचायला लावला. निष्कर्ष बाजूला ठेवून, फक्त एका दिवसानंतर दुसरा दिवस. ११ जुलैला राजाने नेकर या लोकप्रिय मंत्र्याला काढून टाकलं. ही बातमी दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोचली. शहराभोवती सैन्य गोळा होत होतं आणि ते कशासाठी, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षीचं पीक गेलेलं, पावाची किंमत चढत चढत त्याच दिवसांत टोकाला पोचलेली. घाबरलेल्या लोकांनी १४ तारखेला सकाळी एका ठिकाणाहून बंदुका मिळवल्या. बंदुका होत्या, दारू नव्हती. दारू बॅस्टिलच्या किल्ल्यात होती. म्हणून लोक तिकडे गेले. किल्ल्यात कैदी होते फक्त ७. जुलमाचं प्रतीक पाडायला निघालो आहोत असं त्या सकाळी किती जणांच्या मनात असेल? प्रतीक ते नंतर झालं. त्या सकाळी तो दारूचा साठा होता.

हे वाचून मी अस्वस्थ झाले. माझा निबंध चुकीचा नव्हता. पीक गेलं होतं हे खरं, खजिना रिकामा होता हे खरं, १६१४ नंतर पहिल्यांदाच मे १७८९ मध्ये तिन्ही वर्गांची सभा भरली हेही खरं. पण शाळेपासून आपण कारणे, घटना, परिणाम अशा तीन मथळ्यांखाली इतिहास पाठ करतो, आणि त्या पहिल्या मथळ्याखाली जे काही जातं त्याला आपण पुढे काय होणार हे कळलेलं आहे असंच गृहीत धरतो. १७८८ ची गारपीट शेतकऱ्यासाठी त्या वर्षी गारपीट होती. क्रांतीचं कारण ती नंतर झाली, आणि तेही आपल्या वहीत.

त्यानंतरच्या एका तासाला सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. सोळाव्या लुईच्या रोजनिशीतली १४ जुलै १७८९ ची नोंद: 'काही नाही.' वर्गात हशा पिकला. राज्य पायाखालून सरकतंय आणि राजा लिहितो, काही नाही! सरांनी हसू ओसरू दिलं आणि मग विचारलं, "ही वही कशाची आहे?"

कोणी काही बोलेना. ती वही मुख्यतः शिकारीची होती. राजा कुठल्या दिवशी शिकारीला गेला, काय मारलं, याचा हिशेब. 'काही नाही' म्हणजे त्या दिवशी शिकार झाली नाही. बस. त्यात त्याच्या आंधळेपणाचा पुरावा नव्हता आणि शहाणपणाचाही नव्हता. आम्ही मात्र एका शब्दावरून माणसाचा निकाल लावून हसून मोकळे झालो होतो, कारण त्याचा शेवट आम्हाला माहीत होता. साडेतीन वर्षांनी, जानेवारी १७९३ मध्ये, त्याचा शिरच्छेद होणार हे आम्हाला ठाऊक होतं आणि ते ज्ञान आम्ही त्याच्या शिकारीच्या वहीत ओतलं होतं.

त्या दिवशी इतिहास हा विषय मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अवघड वाटला. तोवर अवघड म्हणजे सनावळ्या, एवढीच माझी समजूत होती.

लोक विचारायचे, इतिहास घेऊन पुढे काय करणार? हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तरही पाठ होऊन जातं: स्पर्धा परीक्षा, अध्यापन, पत्रकारिता, संग्रहालयं. मीही ते देत असे. पण त्या तीन वर्षांत खरोखर काय चाललं होतं ते या उत्तरात कुठेच बसत नव्हतं. मी जे शिकत होते ते म्हणजे स्वतःला माहीत असलेली एक गोष्ट थोडा वेळ माहीत नसल्यासारखं वागणं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघितलं की कळतं, मन किती ओढाळ आहे. खुंटीला बांधलेल्या वासरासारखं ते पुन्हा पुन्हा शेवटाकडे धाव घेतं.

यासाठी आम्हाला जी हत्यारं दिली गेली ती सगळी कागद वाचण्याची होती. हा कागद कोणत्या जातीचा, कोणी लिहिला, कोणासाठी, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि हाच का शिल्लक राहिला. सुरुवातीला मला हे सगळं पोलिसी वाटायचं. मग पंधराव्या शतकातला इटालियन विद्वान लोरेंझो व्हाला भेटला. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोमच्या पोपला पश्चिमेकडच्या साम्राज्याचा अधिकार बहाल केला असं सांगणारं एक दानपत्र युरोपात शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० साली व्हालाने ते शब्द न् शब्द तपासलं. त्यात रोमन अधिकाऱ्यांना 'सत्रप' म्हटलं होतं, म्हणजे इराणी सुभेदारांचा शब्द. कॉन्स्टंटाइनच्या दरबारात अशी भाषा कोणी वापरत नव्हतं. दानपत्र काही शतकांनंतर कोणीतरी बनवलेलं होतं. मला यात आवडलं ते असं, की व्हालाकडे नवा कागद कुठलाच नव्हता. होता तोच कागद त्याने कॉन्स्टंटाइनच्या काळाच्या कानांनी ऐकला. नंतरच्या काळाने आपली भाषा मागच्या काळाच्या तोंडी घातली होती, आणि मी माझ्या निबंधात 'अटळ' लिहून वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्या वर्षी मराठी कागद आले. माझ्यासाठी पदवीतला हा सगळ्यात श्रीमंत काळ, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

मोडी शिकण्याचा पहिला महिना अक्षरं ओळखण्यात जातो. हात न उचलता सपासप लिहिलेली ओळ, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. अक्षरं लागली की वाटतं, आता जिंकलं. मग तारीख समोर येते. पत्राच्या शेवटी नुसतं 'छ' आणि चांद्रमासाचं नाव, म्हणजे रजब किंवा जमादिलाखरची अमुक तारीख. साल अनेकदा नाहीच. ज्याला पत्र लिहिलं त्याला साल माहीत होतं, मग लिहायचं कशाला? आणि जिथे साल असतं तिथे ते सुहूर सनाचं, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या एका जुन्या कालगणनेचं, अरबी अंकशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन हाती येतो: १७६०-६१.

ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा उत्तर पाहून अंगावर काटा आला. पानिपतचं वर्ष.

आणि इथे मला आपल्या भाषेचीच एक अडचण लक्षात आली. मराठीत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आहे. परीक्षेत, निवडणुकीत, व्यवहारात कोणाचं पार वाटोळं झालं की आपण म्हणतो, त्याचं पानिपत झालं. संक्रांत कोसळते तीही आपल्याकडेच. तो शब्द उच्चारला की शेवट आधीच सांगून झालेला असतो. पण १७६० च्या पावसाळ्यात आणि शरदात उत्तरेतून पत्रं लिहिणाऱ्या माणसांसाठी पानिपत हे दिल्लीच्या उत्तरेचं एक गाव होतं, इतर गावांसारखं. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली होती. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला, धान्य मिळालं, फौजेत उत्साह होता. यमुनेला पूर होता आणि अब्दाली पलीकडे अडकला आहे असा हिशेब होता. त्याच महिन्याच्या अखेरीस तो नदी ओलांडून आला. तो येईल हे धरून आपण ती कुंजपुऱ्याची पत्रं वाचतो आणि भाऊसाहेबांना शहाणपण शिकवत बसतो. वर्गात आम्ही अक्षरशः तेच करत होतो. बाजारबुणगे मागे ठेवायला हवे होते, जाटांचं ऐकायला हवं होतं, असं व्हायला हवं होतं, तसं व्हायला हवं होतं. अठरा-एकोणीस वर्षांची आम्ही मुलं, अडीचशे वर्षं पुढे बसून, सेनापतीचं चुकलं कुठे ते सांगत होतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो याच काळातल्या, १७५० ते १७६१ च्या पत्रांचा. बखरींवर त्यांचा राग का होता हे मला ती पत्रं वाचताना समजलं. बखर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. त्यामुळे तिच्यात अपशकुन वेळेवर होतात, स्वप्नं वेळेवर पडतात, सगळी माणसं आपापल्या नशिबाकडे तोंड करून चालतात. पत्रात असं काही नसतं. पत्रात पैशाची ओढ असते, वैरणीची चिंता असते, घरच्या माणसाची प्रकृती विचारलेली असते. पत्र लिहिणाऱ्याला पुढचा आठवडा दिसत नसतो. बखरींवर मी राजवाड्यांइतकी कठोर होऊ शकत नाही. हरलेल्या माणसांना आपल्या हरण्याला काहीतरी आकार द्यावासा वाटला, तो त्या बखरींत दिसतो आणि तोही पुरावाच आहे. पण तो १७६१ नंतरच्या मनाचा पुरावा आहे. हा फरक समजायला मला वर्ष लागलं.

लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. वाटेत सावकारांचा एक कासीद त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर होता असं परंपरा सांगते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि प्रत्येक वेळी त्या मोत्यांवर थांबत होते. आता पहिल्यांदा मी मधल्या दिवसांवर थांबले. लढाई संपली होती आणि चिठ्ठी अजून पोचली नव्हती, ते दिवस. त्या दिवसांत पेशव्यांच्या छावणीत मुलगा जिवंत होता. भाऊ जिवंत होता. त्यांच्यासाठी वाटचाल चालली होती, आज्ञा सुटत होत्या. कागदावर १४ तारखेला संपलेली गोष्ट त्या छावणीत त्यानंतरही कितीतरी दिवस चालू होती. आपण इतिहासाच्या पुस्तकात तारीख एकच छापतो. जगलेल्या तारखा माणसागणिक वेगळ्या असतात.

तिसऱ्या वर्षाविषयी बोलताना मी सहसा सिद्धान्तांकडे वळत नाही, कारण ते मला त्यांच्या नावांमुळे आठवत नाहीत, त्यांच्यातल्या माणसांमुळे आठवतात. कार्लो गिन्झबर्गने अभ्यासलेला मेनोक्क्यो, इटलीतला सोळाव्या शतकातला एक गिरणीवाला. दुधाचं चीज होतं आणि त्यात किडे पडतात, तसं जग झालं आणि ते किडे म्हणजे देवदूत, असं तो गावभर सांगत फिरायचा. धर्मन्यायालयाने त्याला दोनदा पकडलं आणि शेवटी मारलं. त्याचे शब्द आपल्याला मिळतात ते त्याला मारणाऱ्यांच्या कारकुनाने लिहून ठेवले म्हणून. आणि ई. पी. थॉम्प्सन, ज्याने १९६३ साली इंग्लंडमधल्या हातमागवाल्यांचा, यंत्रं फोडणाऱ्या कामगारांचा इतिहास लिहिताना म्हटलं की नंतरच्या पिढ्या त्यांच्याकडे ज्या प्रचंड तुच्छतेने बघतात त्यातून मला यांना सोडवायचं आहे. ते हरले म्हणून त्यांची धडपड वेडगळ ठरत नाही. हे वाक्य वाचलं त्या दिवशी सरांची पेन्सिल पुन्हा आठवली. त्यांना हे माहीत होतं का? यंत्र जिंकणार आहे, हे?

सगळ्यात जास्त हललं ते मार्क ब्लॉकमुळे. मध्ययुगाचा हा मोठा फ्रेंच इतिहासकार दुसऱ्या महायुद्धात, ग्रंथालयापासून तुटलेला असताना, इतिहासकाराच्या कामाविषयी एक पुस्तक लिहीत होता. त्याची सुरुवात एका मुलाच्या प्रश्नाने होते: बाबा, इतिहासाचा उपयोग काय ते मला सांगा ना. मग ब्लॉक भूमिगत प्रतिकारात गेला, पकडला गेला, त्याचा छळ झाला, आणि १६ जून १९४४ ला त्याला गोळ्या घातल्या. मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरून दहा दिवस झाले होते. पॅरिस ऑगस्टमध्ये सुटलं. पुस्तक अर्धवटच राहिलं आणि तसंच १९४९ मध्ये छापलं गेलं. त्या मुलाला दिलेलं उत्तर कुठे पूर्ण होतं हे मी शोधत बसले होते. ते पूर्ण होत नाही. शेवटचं प्रकरण मध्येच थांबतं. ब्लॉकने ज्या ओळीवर लेखणी ठेवली त्या ओळीवर त्याला वाटत असणार, पुढचं नंतर लिहू.

शेवटच्या वर्षी एक छोटा शोधनिबंध लिहायचा होता. मी १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ घेतली आणि एका दैनिकाचे जून ते नोव्हेंबरचे अंक वाचायचं ठरवलं. सरांनी एकच अट घातली: तारखेच्या क्रमाने वाचायचं, पुढचं चाळायचं नाही. जुलै वाचताना ऑक्टोबर उघडायचा नाही.

मायक्रोफिल्मचं यंत्र अंधाऱ्या कोपऱ्यात असतं. चाक फिरवलं की पानं पाण्याखालून सरकल्यासारखी सरकतात. जूनमध्ये मुंबई बंदरात ताप आला, शहरभर पसरला, गिरण्या आणि कचेऱ्यांमध्ये माणसं कमी पडली. पहिल्या पानावर मात्र युरोपातलं युद्ध होतं. जुलै सरता सरता तापाच्या बातम्या बारीक होत गेल्या आणि मग दिसेनाशाच झाल्या. ऑगस्टच्या अंकांमध्ये चिंता होती ती पावसाची. त्या वर्षी पावसाने मोठी दडी मारली होती, धान्याचे भाव चढत होते, संपादकांना लिहिलेली पत्रं त्याबद्दल होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पाऊस सोडा, ताप परत येतोय! पण ऑगस्टमध्ये पावसाची काळजी करणारा माणूस काही चुकत नव्हता. पाऊस खरंच आला नव्हता. दुष्काळ खरा होता, आणि अर्धपोटी माणसांना पुढे ताप जड गेला. त्यांना जेवढं दिसत होतं त्यात त्यांनी योग्य तीच काळजी केली होती.

त्या अंकांमध्ये छोट्या जाहिराती असत. शिकवणीच्या, नोकरी पाहिजेच्या, लग्न ठरवण्याच्या. 'वय २४, निर्व्यसनी.' त्या साथीने सर्वांत जास्त नेलं ते वीस ते चाळीस वयाच्या माणसांना, हे मला इतर पुस्तकांतून माहीत होतं. अशी प्रत्येक जाहिरात वाचताना माझा हात चाकावर थबकायचा. सप्टेंबरअखेरची फिल्म संपली आणि ऑक्टोबरची डबी टेबलावर आली, त्या दिवशी मी ती उघडलीच नाही. घरी गेले. दुसऱ्या दिवशी उघडली.

ऑक्टोबरचं काय वाचलं ते मी निबंधात लिहिलं आहे. इथे नको.

हा निबंध लिहितानाच सरांशी माझा पहिला खरा वाद झाला. मी म्हणाले, त्यांना माहीत नव्हतं हे ठीक, पण मला माहीत आहे, आणि मला माहीत असणं हा गुन्हा का मानायचा? जनगणनांप्रमाणे आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी झाली. दर दहा वर्षांनी होणाऱ्या आपल्या जनगणनांत लोकसंख्या घटल्याचं दाखवणारं हे एकच दशक. हा आकडा १९१८ च्या कुठल्याही दैनिकात मिळणार नाही. त्या ऑक्टोबरमध्ये एका घरातून चार माणसं गेली तर त्या घराला चार माणसं गेली एवढंच कळत होतं. देशात एक कोटीहून बरीच जास्त माणसं गेली असावीत हे समजायला अंतर लागतं, आणि ते अंतर फक्त आपल्यापाशी आहे. ते वापरलं नाही तर त्या माणसांवरही अन्यायच होईल. मग रोजनिश्या छापा आणि थांबा, इतिहास लिहिता कशाला?

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे असंच लिही. पण जनगणना शेवटच्या प्रकरणात घाल. जुलैच्या प्रकरणात नको."

मी तसंच केलं. आजही मला वाटतं, इतकं नेमकं संपादन माझ्या लिखाणावर पुन्हा कोणी केलं नाही. दोन ज्ञानं होती, त्यांची आणि माझी. दोन्ही खरी होती. फक्त एकाने दुसऱ्याच्या प्रकरणात शिरायचं नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की यातून सिद्ध काय होतं. मला त्यांना पटेल असं उत्तर देता आलं नाही, गुण त्या मानाने बेताचे पडले. त्याची रुखरुख बरीच वर्षं होती.

पदवी झाली, वर्षं गेली. मग २०२० आलं. आपण सगळे घरात बसलो, आकडे वाचू लागलो. सप्टेंबरपर्यंत आकडे चढत गेले, मग उतरू लागले. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. फेब्रुवारीत रस्ते पुन्हा भरले. कोणीतरी लग्नाची आमंत्रणं पाठवू लागलं. त्या दिवसांत एकदा सरांचा फोन आला, सहज, चौकशीला. मी म्हणाले, "सर, संपलं म्हणायचं आता?"

"तुझा तो जुलै आठवतो का?" त्यांनी विचारलं.

आठवत होता. ताप बारीक होत गेलेले ते अंक.

"आपण जुलैत आहोत की डिसेंबरात आहोत, कळायला मार्ग नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, भाकीतही नव्हतं. ते नुसतं सांगत होते. मग आम्ही दुसऱ्या विषयांवर बोललो.

मी फोन ठेवला आणि त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं हेच शिकले होते, तरी घेतलं नाही. मला तो डिसेंबरच हवा होता. वर्षभर न भेटलेल्या मैत्रिणींना त्याच संध्याकाळी निरोप पाठवले, एप्रिलमध्ये भेटायचं ठरलं, आणि वहीत टिपून ठेवलं.

ती वही गेल्या महिन्यात आवरताना सापडली. फेब्रुवारी २०२१, एक पान. वर सरांच्या फोनची एका ओळीची नोंद, 'सरांचा फोन, बरे आहेत.' जुलै-डिसेंबरचं वाक्य मी लिहिलेलंच नव्हतं. खाली 'एप्रिल, दुसरा रविवार, नक्की!' आणि त्याखाली पाच नावं. मी स्वतः धरून पाच. चौथ्या नावापुढे कंसात 'तिला आधी विचारायचं', कारण तिला सुट्टी मिळायची मारामार. एप्रिलमध्ये आम्ही भेटलो नाही. चौथं नाव मे महिन्यात गेलं.

मी बराच वेळ ते पान समोर ठेवून बसले. टेबलावर पेन्सिल होती. त्या नावापुढे एक तारीख घालावी, निदान एक छोटी रेघ, म्हणजे पुढे कधी हे पान कोणाच्या हाती लागलं तर त्याला कळेल. तोंडाशी आलेला शब्द गिळावा तसं झालं. फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी हे नाव लिहिणारीला फक्त तिच्या सुट्टीची काळजी होती.

पेन्सिल परत ठेवली. पानावर पाच नावं आहेत, ती पाचच राहू दिली.